हंटिंग्टनसारख्या आनुवंशिक मेंदूविकारावरच्या संशोधनात अख्खं करिअर घालावं का?

एम.एस्सी. संपत आली आहे, आनुवंशिक मेंदूविकारांवर पीएच.डी. करायची मनापासून इच्छा आहे. पण हंटिंग्टनचं जनुक १९९३ साली सापडूनही आजार थांबवणारं औषध अजून डॉक्टरांच्या हातात नाही, मग या विषयात उभं आयुष्य घालावं का, असं तुम्ही विचारलं आहे. मी गेली १९ वर्षं हंटिंग्टनवरच काम करते आहे. माझं उत्तर ‘घालावं’ असं आहे. औषध नाही म्हणजे मधली सगळी वर्षं फुकट गेली, हा तुमच्या प्रश्नामागचा हिशेब मात्र मला पटत नाही. त्या वर्षांत काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आधी आजार थोडक्यात. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत ती वीसच्या आगेमागे असतात. ४० किंवा त्याहून जास्त असली आणि माणूस पुरेसा जगला, तर आजार होतोच. ३६ ते ३९ असली तर होईलही, टळेलही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरुवात होते: हातापायांच्या ताब्यात न राहणाऱ्या हालचाली, बदललेला स्वभाव, साधे निर्णयही न जमणं, आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत मृत्यू.

निरोगी मेंदूचा काप पाहिलात तर मधल्या पोकळीत कॉडेट न्यूक्लियस नावाचा भाग उशीसारखा फुगून आलेला दिसतो. हंटिंग्टनमध्ये ती फुगीर कड आधी सपाट होते आणि मग वाटीसारखी आत जाते. असे दोन काप पहिल्यांदा शेजारी शेजारी पाहिले तेव्हा मला सूक्ष्मदर्शकाकडे वळावंच लागलं नाही. डब्यावर नाव नव्हतं. वय, लिंग आणि रिपीटची, म्हणजे सी-ए-जी किती वेळा येतं त्याची, संख्या, एवढंच. ते वय माझ्या तेव्हाच्या वयापेक्षा फक्त चार वर्षांनी जास्त होतं.

या विषयातलं करिअर कसं असतं हे बघायचं तर नॅन्सी वेक्सलर यांचं बघा. त्यांच्या आईला हंटिंग्टन असल्याचं निदान १९६८ साली झालं. नॅन्सींचं शिक्षण मानसशास्त्रातलं, जनुकशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठच्या वस्त्यांमध्ये हा आजार विलक्षण प्रमाणात आहे, हे तिथले डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५० च्या दशकातच सांगितलं होतं. वेक्सलर १९७९ पासून दोन दशकांहून जास्त काळ दर वर्षी तिथे जात राहिल्या. घरोघरी बसून वंशावळी लिहिल्या, १८ हजारांहून अधिक माणसांच्या. रक्ताचे नमुने चार हजारांवर. लोक कातडीचा तुकडा तपासणीला द्यायला कचरत होते. तेव्हा वेक्सलर यांनी स्वतःच्या दंडावरचा तशाच तपासणीचा व्रण दाखवला, आणि सोबतच्या परिचारिका फिदेला गोमेस त्यांचा हात वर धरून तो व्रण सगळ्यांना दाखवत फिरल्या. हिच्याही घरात हाच आजार आहे, हे लोकांना त्या व्रणाने पटलं.

१९८३ साली जेम्स गुसेला यांच्या गटाने, मुख्यतः त्याच नमुन्यांच्या जोरावर, हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. माणसाच्या जनुकांचा नकाशा तेव्हा जवळजवळ कोरा होता आणि डीएनएवरच्या तपासलेल्या पहिल्या डझनभर खुणांतच जनुकाजवळची योग्य खूण लागली. त्यात नशिबाचा वाटा मोठा होता. पण पुढे नशिबाने काही दिलं नाही. ती खूण मिळाल्यापासून प्रत्यक्ष जनुक हाती यायला आणखी दहा वर्षं, सहा संशोधन गट आणि पन्नासहून अधिक शास्त्रज्ञ लागले. आपल्यालाही हा आजार आहे, हे वेक्सलर यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितलं. आणि ज्यांच्या रक्तावर हे सगळं उभं राहिलं त्या सरोवराकाठच्या कुटुंबांना बदल्यात फार थोडं मिळालं. ते मला अजूनही सलतं. या क्षेत्रात याल तेव्हा हे ओझं खांद्यावर असू द्या.

आता १९९३ नंतरचं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं.

लांबलेल्या सी-ए-जीमुळे हंटिंग्टिन नावाच्या प्रथिनात ग्लुटामिन या अमिनो आम्लाची लांब शेपटी तयार होते. १९९७ साली उंदरांच्या आणि माणसांच्याही मेंदूपेशींत या प्रथिनाचे गोळे दिसले. गुन्हेगार सापडला असं बहुतेकांना वाटलं आणि गोळे विरघळवणाऱ्या रेणूंचा शोध सुरू झाला. मग २००४ साली स्टीव्हन फिंकबायनर यांच्या गटाने एक साधी वाटणारी गोष्ट केली: यंत्राच्या मदतीने एकेक चेतापेशी दिवसेंदिवस पाहत राहिले, कोणती कधी मरते ते. ज्या पेशींत गोळे झाले होते त्या जास्त काळ जगल्या. पेशी बहुधा ते घातक प्रथिन गोळा करून बाजूला टाकत होती. कित्येक प्रयोगशाळांची कित्येक वर्षं ज्या समजुतीवर बेतलेली होती, ती एका शोधनिबंधाने उलटी केली.

दुसरा धक्का मला स्वतःला बसला. सी-ए-जीच्या माळेच्या शेवटाला बहुतेकांत एक सी-ए-ए असतं. सी-ए-ए काय आणि सी-ए-जी काय, दोन्ही ग्लुटामिनचीच अक्षरं, म्हणजे प्रथिन तेच. २०१९ साली नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यातून दिसलं की ज्यांच्यात ते सी-ए-ए नाही, त्यांना तेवढीच ग्लुटामिनं असूनही आजार लवकर होतो. याचा अर्थ घड्याळ प्रथिनाच्या लांबीवर चालत नाही. ते डीएनएमधल्या अखंड सी-ए-जीच्या लांबीवर चालतं. मी तोवर बारा वर्षं प्रथिनावर काम करत होते. तो निबंध मी तीनदा वाचला, मग रजा टाकून घरी गेले आणि चौथ्यांदा वाचला.

खरं तर पुरावा आमच्याच यंत्रावर रोज दिसत होता. एकाच माणसाच्या रक्तातले रिपीट मोजले की आलेखावर दोन नीटस शिखरं येतात, आईकडच्या आणि वडिलांकडच्या प्रतीचं एकेक, समजा १७ आणि ४४. त्याच माणसाच्या स्ट्रायटममधले (कॉडेट ज्याचा भाग आहे त्या मेंदूच्या आतल्या भागातले) मोजले तर १७ चं शिखर जिथल्या तिथे, आणि ४४ च्या उजवीकडे मात्र छोट्या छोट्या शिखरांची लांबच लांब रांग, साळिंदराच्या काट्यांसारखी. मेंदूतल्या पेशींत रिपीट आयुष्यभर वाढत राहतात. कशामुळे, तर डीएनएची दुरुस्ती करणारी एमएसएच३ सारखी प्रथिनं त्या माळेत पडणाऱ्या वेटोळ्याला चूक समजून ‘दुरुस्त’ करायला जातात आणि प्रत्येक वेळी थोडी भर घालतात. २०१५ मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात आजाराचं वय मागेपुढे करणारं फॅन१ हे जनुक समोर आलं. तेही डीएनए दुरुस्तीचंच. २०२५ च्या सुरुवातीला एकेका पेशीतले रिपीट मोजणारं काम प्रसिद्ध झालं. त्यानुसार माळ कित्येक दशकं हळूहळू वाढते, ८० च्या आसपास गेल्यावर वेग घेते आणि दीडशेपलीकडे गेल्यावर पेशी खऱ्या अर्थाने बिघडायला लागते. म्हणजे जन्मापासून सोबत असलेला दोष चाळिशीपर्यंत गप्प का राहतो, या जुन्या प्रश्नाला पहिल्यांदा पटण्याजोगं उत्तर मिळालं. आणि औषधासाठी नवी जागाही: माळ वाढूच द्यायची नाही.

आता माझी एक चूक. पीएच.डी.नंतरच्या दुसऱ्या वर्षी एका संयुगाने आमचे आर६/२ उंदीर (माणसाच्या हंटिंग्टन जनुकाचा तुकडा घातलेले) जास्त जगताना दिसले. फिरत्या दांड्यावर ते जास्त वेळ टिकत होते, त्यांचं वजनही टिकून होतं. मी सादरीकरण तयार केलं होतं. मग विभागातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, “प्रत्येक उंदराचे रिपीट मोजलेस का?” मोजले नव्हते. मोजले तेव्हा कळलं की औषध दिलेल्या गटातली बरीच पिल्लं ज्या वंशातली होती, त्यात रिपीट पिढ्यान्‌पिढ्या वाढत तीनशेच्या पुढे गेले होते. या उंदरांत एवढी वाढ झाली की आजार उलट सौम्य होतो. संयुगाने काहीच केलं नव्हतं. चौदा महिने गेले. त्या बाईंनी मला तेव्हा एक शब्दही जास्त सुनावला नाही. शेजारी बसून पुढच्या प्रयोगाचे गट कसे पाडायचे ते कागदावर आखून दिलं. तो कागद माझ्याकडे आहे.

मार्च २०२१ मध्ये टोमिनर्सेनची मोठी चाचणी थांबवली गेली, तो या क्षेत्रातला सर्वात जड दिवस होता. पाठीच्या कण्यातून दिलं जाणारं, हंटिंग्टिनची निर्मिती कमी करणारं ते औषध. दर आठ आठवड्यांनी ते घेणाऱ्यांची स्थिती काही मोजमापांत औषधाविना नुसता द्राव मिळालेल्यांपेक्षाही वाईट निघाली. कुटुंबांच्या बैठकीत मी त्या महिन्यात बोलणार होते. एका मुलीने विचारलं, “माझ्या बाबांच्या रक्ताचं तुम्ही पुढे काय केलंत?” मी तो साळिंदरासारखा आलेख पडद्यावर लावला आणि शिखर न् शिखर समजावलं. ती म्हणाली, “म्हणजे थांबवायचं काय, ते तरी आता कळलंय.” इतक्या नेमक्या शब्दांत मलाही ते सांगता आलं नव्हतं.

वेळेचा अंदाज हवा असेल तर शेजारचे आजार बघा. एसएमएचं (लहानपणीच स्नायू दुबळे करणाऱ्या चेतापेशींच्या आजाराचं) जनुक १९९५ साली सापडलं, त्यावरच्या नुसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०१६ च्या अखेरीस: २१ वर्षं. एएलएसच्या (हालचालींच्या चेतापेशी मारणाऱ्या आजाराच्या) काही कुटुंबांतला एसओडी१ या जनुकाचा दोष १९९३ साली सापडला, म्हणजे हंटिंग्टनच्याच वर्षी. त्यावरचं टोफर्सेन २०२३ साली मंजूर झालं: ३० वर्षं. ही दोन्ही आणि टोमिनर्सेन एकाच जातीची औषधं आहेत, तरी हंटिंग्टनमध्ये अपयश आलं. मला वाटणारी कारणं दोन: स्ट्रायटम पाठीच्या पाण्यापासून फार खोल आहे, आणि ते औषध सदोष प्रथिनासोबत चांगलंही कमी करत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एएमटी-१३० या जनुकोपचाराचे तीन वर्षांचे आकडे आले. तो शस्त्रक्रियेने थेट स्ट्रायटममध्ये सोडतात. मोठी मात्रा मिळालेल्यांत आजाराचा वेग ७५ टक्क्यांनी मंदावल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्या गटात तीन वर्षं पूर्ण केलेले रुग्ण फक्त १२ होते, म्हणून मी हात आखडूनच बोलते. पण तुलनेसाठी घेतलेली माहिती होती एन्रोल-एचडी या अभ्यासातल्या लोकांची. त्या अभ्यासातून कुठलंही औषध न मिळता, वर्षानुवर्षं नुसत्या तपासणीला येऊन बोटं आपटून दाखवणारी, शब्द आठवून सांगणारी ही माणसं. त्यांच्याशिवाय त्या बारा जणांच्या आकड्यांना काही अर्थच उरला नसता.

तर करा पीएच.डी. प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकांना दोन गोष्टी जरूर विचारा: तुमच्याकडे प्रत्येक प्राण्याचे आणि प्रत्येक पेशीसंचाचे रिपीट मोजतात का, आणि गेल्या दहा वर्षांत तुमचं कोणतं मत तुम्ही सोडून दिलंत. दुसऱ्या प्रश्नाला चटकन आणि तपशीलवार उत्तर आलं तर तिथे जा. अर्ज पाठवण्याआधी २०१५ आणि २०१९ चे ते दोन शोधनिबंध मुळातून वाचा. आकृत्या आधी, सारांश शेवटी. सी-ए-जीमुळेच होणाऱ्या, शरीराचा तोल घालवणाऱ्या अ‍ॅटॅक्सियांतही हीच दुरुस्तीची जनुकं आजाराचं वय बदलताना दिसतात, त्यामुळे तुमचा आजार दुसरा ठरला तरी हे वाचन उपयोगी पडेल. सांख्यिकीत अडलात तर इथेच खाली विचारा, मी उत्तर देईन.