१६ तासांच्या उपवासाने वजन खरोखर उतरते का?
उतरते, परंतु मुख्यतः दिवसाच्या उरलेल्या ८ तासांतच जेवल्याने एकूण खाणे कमी होते म्हणून. घड्याळाची त्यात वेगळी किमया नाही. रत्नागिरीत मी सकाळी ११ वाजता नाचणीची भाकरी व कुळथाची पिठी आणि संध्याकाळी ७ च्या आत बांगड्याचे तिखले व मूठभर भात जेवतो. उपवासाच्या तासांत सोलकढी मात्र चालत नाही, कारण तिच्यात नारळाचे दूध असते. पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा घ्यावा. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे हा उपवास नव्हे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीही येऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेतल्याशिवाय कृपया सुरुवात करू नका. गर्भवती व स्तनदा मातांनी हा प्रयोग टाळावा.