शिट्टी वाजतेय म्हणून मशीन बदलू नका

प्रश्न : बाबांच्या कानामागचं ऐकण्याचं मशीन जेवताना, हसताना सारखी शिट्टी मारून राहिलंय. मोल्ड (कानात बसणारा मापाचा साचा) चार वर्षं जुना आहे, त्याला मशीनशी जोडणारी ट्यूब पिवळी पडलीय. नवीन मशीन घ्यावं का? मोल्ड स्पिरिटने पुसला तर चालेल का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : ताई, थांबा जरा, एवढ्यात खर्च नको. मशीन चालू ठेवून मोल्ड कानातून काढा आणि त्याचं आवाज येणारं भोक बोटाने घट्ट दाबा. शिट्टी बंद झाली तर मशीन बहुतेक ठीक आहे, आवाज कान आणि मोल्डच्या फटीतून बाहेर येतोय. दाबूनही वाजत राहिली तर ट्यूबला चीर असेल किंवा मशीनच दाखवावं लागेल. ट्यूब तर बदलाच, ती साधारण तीन ते सहा महिन्यांत कडक होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात घाम, म्हणजे अजून लवकर. स्वस्तातलं काम आहे, लोक उगाच टाळतात. मोल्डही आता सैल झाला असेल, बाबांचं वजन उतरलं असेल तर नक्कीच. नवीन माप घेण्याआधी कानातला मळ तपासून घ्या आणि जेवताना वाजतं हे आवर्जून सांगा, म्हणजे मापाच्या वेळी जबडा हलवायला लावतील.

स्पिरिट अजिबात नको, मोल्ड खराब होतो. मशीनपासून ट्यूबसकट मोल्ड सोडवा, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, ट्यूबमधलं पाणी रबरी फुग्याच्या ब्लोअरने काढा, रात्रभर सुकू द्या. मशीनला पाणी लागता कामा नये. भोकात टाचणी घालू नका, आणि चीर गेली तर फेविक्विकने चिकटवायचा उद्योग तर नकोच, मोल्ड कानात जाणार आहे बाप्पा!

प्रश्न : पथकात ताशा वाजवतो. मापाचे सिलिकॉन इअरप्लग मागच्या गणपतीपासून गाडीच्या डिक्कीतच आहेत. धुवून वापरू का?

उत्तर : डिक्कीत? नागपूरच्या उन्हाळ्यात? आधी चीर, कडकपणा, आकार बघा. आवाज गाळणारा छोटा फिल्टर असेल तर काढून मगच धुवा. कानात घातल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा आणि बाहेरचा दबलेला वाटला पाहिजे, नाही वाटला तर सरावाआधी नवीन माप द्या. तोवर फोमचे वापरा, ते मात्र धुवायचे नाहीत, मळले की फेकायचे. कान दुखला किंवा वाहिला तर काहीच न घालता, ताशापासून लांब राहून, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा.