वाचकांचे प्रश्न : माणूस कोणामुळे माणूस?

प्रश्न : आमच्या वाचनगटात आफ्रिकी नीतिविचार चालू आहे. 'आपण आहोत म्हणून मी आहे' हे ऐकायला छान वाटतं. पण समाजच माणसाला घडवतो म्हटलं, की त्याला मोडण्याचा हक्कही समाजाकडे जात नाही का? जातपंचायती हेच तर म्हणत आल्या.
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : शंका रास्त आहे. आफ्रिकी तत्त्वज्ञ याच मुद्द्यावर आपापसांत भांडले आहेत.

आधी शब्द. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत उमुंटू म्हणजे माणूस, अबांटू म्हणजे माणसं, उबुंटू म्हणजे माणुसकी. मूळ 'न्टू' तेच, बदलतो तो आधीचा उपसर्ग. 'उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू' म्हणजे माणूस माणसांमुळे माणूस. तुम्ही दिलेलं वाक्य मात्र केनियाच्या जॉन म्बिती यांच्या १९६९ च्या ग्रंथातलं आहे. दोन्हींची गल्लत होते, चर्चेत ती वेगळी ठेवा.

नायजेरियाचे इफेअन्यी मेनकिटी यांनी १९८४ मध्ये मांडलं, की व्यक्तित्व, म्हणजे माणूसपण, जन्माने मिळत नाही. समाजातली कर्तव्यं पार पाडत ते कमवावं लागतं, आणि त्यात माणूस नापासही होऊ शकतो. ते अंत्यविधींकडे बोट दाखवतात : तान्हं बाळ गेलं तर विधी थोडक्यात, म्हातारं माणूस गेलं तर मोठे. (आपल्याकडेही तान्ह्या बाळाला दहन न देता पुरतात.) हक्क त्यांच्याकडे कर्तव्यांच्या मागे उभे राहतात.

घानाचे क्वामे ज्येक्ये त्यांना इथेच अडवतात. घानातले अकान लोक क्रूर माणसाला 'तो माणूस नव्हे' म्हणतात. आपणही म्हणतो, 'त्याच्यात माणूसच उरला नाही.' म्हणून त्याला बडवायला कोणी मोकळं होत नाही. बोल लागतो तो वागण्याला, माणूस म्हणून त्याची किंमत जागच्या जागी राहते. बरंवाईट निवडण्याची कुवत माणूस घेऊनच येतो. समाज तिला खतपाणी घालतो, पेरत नाही. अकान म्हण आहे : कुळ रानासारखं, लांबून एकच दिसतं, आत शिरलं की प्रत्येक झाड आपापल्या जागी उभं. आम्हाला ज्येक्यांचं पटतं. तरी हक्क आणि समाजहित यांची टक्कर झाली की तेही समाजाकडेच झुकतात, हा बर्नार्ड मातोलिनो यांचा आक्षेप हलका नाही.

म्हणून 'समाज आधी' म्हणणारा कोणताही विचार वाचताना विचारा : नापास कोण करतो? त्यावर दाद कुठे मागायची? गटाबाहेर पडलं तर दुकान, पाणी, सोयरीक बंद होते का? जातपंचायतीत आरोप करणारे आणि निवाडा देणारे तेच असतात, दाद मागायला जागा नसते. त्यासाठीच महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. बाबासाहेबांनीही ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, मसुद्याने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, याचा आनंद व्यक्त केला होता. उबुंटू मात्र व्यक्तीच्या विरुद्धच जातं असं नाही. १९९५ मध्ये 'मक्वान्याने' नावाच्या खटल्यात दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने फाशीची शिक्षाच रद्द केली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी उबुंटूचाच आधार घेतला. खून करणाराही माणसांतून वजा होत नाही, हा तिथला अर्थ.

प्रश्न : आफ्रिकेतली सहमतीची पद्धत आमच्या सोसायटीच्या सभेत चालेल का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : काही अंशी. घानाचे क्वासी विरेदू सांगतात, अकानांपैकीच असलेल्या अशांती लोकांच्या परिषदेत कुळांचे प्रमुख बसत आणि मतदान न घेता बोलून निर्णय करत. सगळ्यांचं मत एक व्हावं अशी अट नव्हती, काय करायचं यावर होकार पुरे. बिघडतं ते गप्प बसणं होकार धरल्यावर. विरोधकाचं कारण त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहा, त्याला वाचून दाखवा, मगच पुढे जा. उपविधींनी जिथे मतदान सांगितलंय तिथे ते घ्यावंच लागेल.

विरेदू दोन तोंडांच्या, एकाच पोटाच्या मगरीचं अकान चिन्ह देतात : तोंडं घासासाठी भांडतात, घास जातो एकाच पोटात. इमॅन्युएल एझे यांनी विचारलं, पोट खरंच एक असतं का? तळमजल्यावरचा सभासद लिफ्टच्या खर्चाला नाही म्हणतो, तेव्हा त्याला हट्टी ठरवण्याआधी हेच तपासा.