विहिरीतला पाव

प्रश्न : वसईजवळच्या आमच्या धर्मग्रामात मी दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आठवीची मुलं आहेत. गेल्या महिन्यात एकाने विचारलं, "टीचर, आपल्या विहिरीत पाव टाकला होता ना? म्हणून आपण ख्रिस्ती झालो?" शाळेत त्याला कुणी 'बाटगा' म्हणालं होतं. दुसऱ्याने मोबाइलवर गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मखटल्यांचा, व्हिडिओ पाहिला होता, तो वर्गभर रंगवून सांगायला लागला. आमच्या पुस्तकात यातलं काहीच नाही. मी विषय बदलला आणि घरी येऊन हळहळत बसले. मुलांना काय सांगावं? आणि सांगितलं तर त्यांची श्रद्धा डळमळेल का?
— एक धर्मशिक्षिका

उत्तर : ताई, विषय बदलणाऱ्यांत तुमचा नंबर माझ्यामागे लागतो. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि त्यातली अठरा वर्षं रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्गही घेतला. शनिवारी शाळेत चिमाजी अप्पांची वसई मोहीम असायची. 'माझं डोकं तरी तोफेने किल्ल्यात जाऊन पडू दे' हे वाक्य आलं की मी आवाज चढवायचो, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची. रविवारी वसई तीच, पण गोष्ट संत गोन्सालो गार्सियाची : आपल्या वसईत जन्मला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला, १८६२ साली संत झाला. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती घेतली. मधली दोनशे पाच वर्षं मी दोन्ही वर्गांत गाळली. एकाच माणसाने, एकाच तोंडाने.

त्याहून वाईट एक सांगतो. आमच्या चर्चच्या एका महोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे संपादनाला होती. माझ्याच एका विद्यार्थ्याने लेख दिला होता, त्यात पाडलेल्या देवळांवर एक परिच्छेद होता. मी तो काढला. कुणी फादरांनी सांगितलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. 'उगाच कशाला' एवढंच मनात आलं. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेलाय. मागे पापडीच्या बाजारात भेटला, भाजीची पिशवी सावरत म्हणाला, "सर, तो परिच्छेद अजून आहे माझ्याकडे." मी वांगी निवडत राहिलो.

आता पावाकडे येऊ. विहिरीत पाव पडला आणि सकाळी पाणी भरून गेलेला गाव संध्याकाळी ख्रिस्ती झाला, ही गोष्ट मी लहानपणी आगगाडीत ऐकली, कॉलेजात ऐकली, लग्नाच्या पंगतीतही ऐकली. असं गाव कागदपत्रांत मला कुठे भेटलेलं नाही. पण मुलांना ती नुसती खोटी म्हणून झटकू नका. तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. पाव खाल्ल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही, ख्रिस्ती होतो तो बाप्तिस्म्याने. पाव खाल्ल्याने माणूस 'बाटतो', हा निकाल देणारी पोर्तुगिजांची धर्मसभा नव्हती, ती गावची पंगत होती. त्या मुलाला शाळेत जो शब्द ऐकावा लागला, तो त्याच पंगतीतून आलाय.

मग आपले पूर्वज ख्रिस्ती कसे झाले? इथे मात्र आडपडदा नको. गोव्यात तिसवाडीतली देवळं १५४०च्या सुमारास पाडली गेली, साष्टीतली १५६७ साली. १५५९ साली अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा कायदा आला. पुढे त्याचा अर्थ असा ताणला गेला की बाप वारला की मूल अनाथ, मग आई जिवंत का असेना. नोकऱ्या आणि सवलती ख्रिस्ती होणाऱ्यांना. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण सभा, गोव्यात बसली. मध्ये चार वर्षं बंद होती, ती धरून १८१२पर्यंत चालली. सोळा हजारांच्या वर माणसांवर खटले झाले आणि सभेची बहुतेक दप्तरं नंतर नष्ट केली गेली. आपल्याकडचं बघायचं तर बोरिवलीला मंडपेश्वरला जा. शैव लेणं, त्याचं पोर्तुगिजांनी चर्च केलं, मराठे आल्यावर पुन्हा देऊळ झालं. वर पडक्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत, त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही.

'ते गोव्यात झालं, वसईत नाही' असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. मीही म्हणायचो. पण गाब्रिएल देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याला १६७३ साली दमणला पकडलं, ते काही धार्मिक बाबतींत तोंड सैल सोडल्याबद्दल. गोव्याला नेताना त्याला वाटेत वसईच्या तुरुंगात ठेवलं होतं. म्हणजे आपली मुलं सहलीला जिथे वडापाव खातात त्याच तटाच्या आत. सुटल्यावर त्याने सगळी हकिगत लिहून काढली, १६८७ साली ती छापली गेली. गंमत अशी की तो स्वतः कॅथलिक होता. या सभेचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचा, म्हणून तिच्या पिंजऱ्यात सगळ्यात जास्त उभे राहिले ते नवे ख्रिस्ती. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे कुणीच सांगितलेलं नसतं : त्या व्हिडिओत मार खाणारी माणसं बहुतेक आपलीच होती.

१७३६ साली गोव्याच्या सभेने काढलेला एक हुकूम मी वर्गात वाचून दाखवायला हवा होता. लग्नात हळद लावू नये. ओव्या गाऊ नयेत. पानसुपारी वाटू नये. दारात तुळस नको. हिंदूंसारखा भात बिनमिठाचा शिजवू नये. मिठावरून खटला! माझ्या आजीला हे वाचून दाखवलं असतं तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं असतं. तिच्या नातींच्या लग्नात तिने पहाटेपर्यंत गाणी म्हटली, हळदीने तिचे हात दोन दिवस पिवळे होते, आणि रविवारी पहिल्या मिस्साला पहिल्या बाकावर तीच. मुलांना घरी जाऊन विचारायला सांगा, आपल्या लग्नात यातलं काय काय होतं. तो तास तुम्हाला शिकवावाच लागणार नाही.

एवढं मात्र जपा. सगळे जबरदस्तीने ख्रिस्ती झाले, हेही तितकंच अर्धवट आहे. कुणी भीतीने झाले असतील, कुणी जमिनीसाठी, कुणी गावच्या म्होरक्यांमागून, कुणी खरोखर मनापासून. तुमचा-माझा खापरपणजा यातला कुठला, ते लिहून ठेवायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं. चिमाजी अप्पा आले तेव्हा पाद्री आणि फिरंगी निघून गेले, हे शेतकरी-कोळी इथेच राहिले, ख्रिस्तीच राहिले. हेही मुलांना सांगा. आणि चर्चच्या घंटा गेल्या कुठे, तेही सांगा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा वसईची, मराठ्यांनी नेलेली. देवळांचं सांगताना घंटा लपवायच्या नाहीत आणि घंटांचं सांगताना देवळं लपवायची नाहीत.

श्रद्धेचं विचारलंत. माझ्या वर्गातून जी मुलं चर्चपासून लांब गेली, त्यातल्या दोघातिघांशी मी बोललो. इन्क्विझिशन ऐकून कुणी गेलं नाही. 'तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही' हे मला तोंडावर विचारून गेले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फादर कुरकुरले तर त्यांना तेरावे लिओ यांची आठवण करून द्या. या पोपनी १८८१ साली व्हॅटिकनचं दप्तर अभ्यासकांना खुलं केलं. १८८३च्या पत्रात त्यांनी सिसेरोचा जुना नियम पुढे ठेवला : इतिहासकाराने खोटं सांगायचं धाडस करू नये आणि खरं सांगायला भिऊ नये. १९९८ साली रोमच्या इन्क्विझिशनचं दप्तरही उघडलं. १२ मार्च २००० रोजी सेंट पीटर्समध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या रक्षणाच्या नावाखाली चर्चच्या माणसांनी शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरले, ही कबुली त्या दिवशी कार्डिनल रॅट्झिंगर यांनी वाचली. पुढे ते स्वतः पोप झाले. रोमला जे भर मिस्सात चालतं, ते आपल्या आठवीच्या वर्गात का चालू नये?

पुढच्या रविवारी पुस्तक मिटून मुलांना किल्ल्यात न्या. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगिजांच्या कबरींचे दगड आहेत, त्यांवरून जपून चालायला सांगा. ज्याला 'बाटगा' म्हटलं त्याला तिथे पुढे उभं करू नका, तो आपणहून बोलेल तेव्हा बोलेल. माझा तो विद्यार्थी आता मंडळींना किल्ला दाखवत फिरतो. त्याचा परिच्छेद मी मागून घेतलाय, वर्गासाठी एक प्रत तुम्हाला पाठवतो.

प्रश्न : जुन्या गोव्यात नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाचं दर्शन होतं, तेव्हा आम्ही सहकुटुंब गेलो होतो. परतल्यावर शेजारी म्हणाले, "इन्क्विझिशन त्यांनीच आणलं." खरं आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आणलं नाही, मागितलं. १६ मे १५४६ रोजी अंबोन बेटावरून त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं, त्यात ही मागणी आहे. पत्र खोटं आहे म्हणून हात झटकू नका. पण ते नीट वाचा. तक्रार आहे ती ज्यू आणि मुस्लिम रीतीने जगणाऱ्यांबद्दल, हिंदूंचा त्या मागणीत उल्लेख नाही. ते स्वतः १५५२ साली वारले आणि सभा बसली त्यानंतर आठ वर्षांनी.

त्या मागणीचं पुढे काय झालं, ते गार्सिया द ऑर्टाच्या घरी दिसतं. मूळचा ज्यू घराण्यातला हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं आणि तिथल्या आपल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचं त्याला भारी कौतुक. तो १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी सभेने त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. मुंबईला फोर्टात एशियाटिक ग्रंथालयाच्या मागे त्याच्या वाड्याची जागा आहे. आता तिथे नौदलाचं ठाणं आहे, आत सोडत नाहीत.