स्यूडोमोनास विष कधी सोडतो?

तुम्ही विचारलंय की बेडक्यात तोच स्यूडोमोनास (फुफ्फुसाला संसर्ग करणारा एक जंतू) सापडूनही एक पेशंट चार दिवसांत व्हेंटिलेटरवर जातो आणि दुसरा वर्षानुवर्षं खोकत का होईना पण हिंडता-फिरता राहतो, असं का?

प्रतिकारशक्तीतला फरक हे झालं अर्धं उत्तर. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे जंतूची बाजू सांगते. तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

हा जंतू सदासर्वकाळ विष बनवत नाही, आजूबाजूची परिस्थिती बघून बनवतो. त्यात सगळ्यात महत्त्वाचं लोह. आपलं शरीर लोह मोकळं सोडत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन आणि कफात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं. लोह भरपूर असेल तोवर जंतूतलं 'फर' नावाचं प्रथिन विषाची जनुकं दाबून ठेवतं. लोहाची चणचण झाली की हा दाब उठतो. मग लोह ओढून आणणारं पायोव्हर्डिन बनतं आणि सोबत एक्सोटॉक्सिन ए सुद्धा. हे विष आपल्या पेशीतलं प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. घटसर्पाचं विषही हेच करतं, आणि तेही लोह कमी पडल्यावरच जास्त सुटतं!

ऑक्सिजनचा परिणाम तर डोळ्यांना दिसतो. कल्चरची, म्हणजे हा जंतू वाढवलेली, ट्यूब न हलवता ठेवली की वरचा थर तेवढा निळा-हिरवा होतो, खाली फिकट. ट्यूब हलवली की रंग खालपर्यंत उतरतो. तो रंग म्हणजे पायोसायनिन. हवा लागली की निळं, हवा संपली की रंगहीन. पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू याच अदलाबदलीत तयार होतात.

आता तुमचे दोन पेशंट. ताज्या संसर्गात हा जंतू पेशीला चिकटला की सुईसारख्या यंत्रणेतून थेट आत विष टोचतो. सिस्टिक फायब्रोसिससारख्या (फुफ्फुसात घट्ट कफ साठवणाऱ्या जन्मजात) आजारात मात्र वर्षानुवर्षं घट्ट, ऑक्सिजन नसलेल्या कफात राहून त्याचे बरेच वंश ही सुई वापरणं सोडून देतात आणि अल्जिनेट नावाच्या पदार्थाचा बुळबुळीत थर पांघरतात. फुफ्फुस तरीही झिजतंच, पण हळूहळू.

लोह मिळालं की विष दबतं, असं समजून कृपा करून पेशंटला स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नका. लोह मिळालं की हाच जंतू बायोफिल्म, म्हणजे एकमेकांना चिकटून राहणाऱ्या जंतूंचा थर, बांधतो, आणि तिथे अँटिबायोटिक नीट काम करत नाही.