कवी इव्हान माझुरानिच खरंच क्रोएशियाचे सत्ताधारी होते का?

हो, १८७३ ते १८८० ते क्रोएशियाचे 'बान', म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख होते. आधीचे बान सरदार-उमराव घराण्यांतले. हे नोव्ही विनोदोल्स्कीच्या शेतकरी घरातले, म्हणून 'बान पुचानिन', अर्थात सामान्यांतला बान. पद नुसतं शोभेचं नव्हतं: १८७४ साली शाळांचा नवा कायदा झाला, झाग्रेबचं आधुनिक विद्यापीठ सुरू झालं, न्यायव्यवस्था प्रशासनापासून वेगळी झाली. मात्र 'स्वतंत्र देशाचे प्रमुख' असं समजू नका. क्रोएशिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग; नेमणूक तिथल्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राटाची, तीही हंगेरीच्या पंतप्रधानांच्या शिफारशीने. आणि ज्यावर कवी म्हणून नाव झालं ते 'स्माइल-आगा चेंगिचचा मृत्यू' हे काव्य १८४६चं, म्हणजे बान होण्याच्या तब्बल २७ वर्षं आधीचं.