सी++ मध्ये बदल सुचवायचाय? आधी अडचण नीट मांडा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत शिकतो. सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेत एक सोय हवी असं वाटतं. सिंटॅक्सही, म्हणजे ती लिहायची पद्धत, ठरवून ठेवलाय. भाषेचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या समितीपर्यंत कसं पोहोचायचं?

सिंटॅक्स सध्या बाजूला ठेवा. नवख्यांचे बहुतेक प्रस्ताव तिथेच अडकतात. चिन्ह कोणतं असावं यावर वाद रंगतो आणि मूळ अडचण खरी आहे का, हे तपासायचंच राहून जातं.

पहिल्या पानावर फक्त अडचण लिहा. लोकांनी खुलेपणाने ठेवलेल्या तीन-चार लायब्रऱ्यांमधला कोड घ्या आणि आज ते या अडचणीतून कशी वाट काढतात ते दाखवा. स्वतः रचलेलं उदाहरण चालत नाही, कारण ते प्रस्तावाला सोयीचंच असतं. मग डावीकडे आजचा कोड आणि उजवीकडे प्रस्तावित कोड असा तक्ता करा. सी++ मंडळी याला ‘टोनी टेबल’ म्हणतात, आणि वाचणारा सर्वात आधी तोच बघतो.

यानंतर जुने प्रस्ताव शोधा. डब्ल्यूजी२१, म्हणजे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची सी++ समिती, आपले प्रस्ताव खुले ठेवते. तुमची कल्पना पूर्वी कुणी मांडली असण्याची शक्यता बरीच आहे. ती का अडली ते वाचा आणि त्या कारणाला तुमचं उत्तर काय, हे प्रस्तावातच लिहा. ते नसेल तर बैठकीतला पहिला प्रश्न तोच येतो.

मग अर्ध्या पानाचा सारांश एसटीडी-प्रपोझल्स या इमेल-यादीवर टाका. प्रतिसाद बघून मसुदा लिहा. मसुद्याच्या क्रमांकाआधी ‘डी’ असतं, रीतसर सादर झाला की ‘पी’ लागतं आणि पुढे आवृत्ती: आर०, आर१, आर२. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या सुरुवातीला काय बदललं त्याची यादी हवीच. ती नसली तर आधीची आवृत्ती वाचलेल्या माणसाला सगळं पुन्हा वाचावं लागतं, आणि तो वाचत नाही.

पुढचा प्रवास असा. भाषेतला बदल ‘इव्होल्यूशन’ गटाकडे जातो, लायब्ररीतला ‘लायब्ररी इव्होल्यूशन’कडे. तिथे कल्पना पटली की ‘कोअर’ किंवा ‘लायब्ररी’ गट शब्दन् शब्द तपासतो, शेवटी पूर्ण समितीचं मतदान. गटांत हात वर करताना पाच पर्याय असतात: ठाम बाजूने, बाजूने, तटस्थ, विरोधात, ठाम विरोधात. नुसतं बहुमत पुरत नाही. आयएसओच्या व्याख्येत सहमती म्हणजे महत्त्वाच्या मुद्द्यावर टिकून राहिलेला विरोध नसणं. त्यामुळे ठाम विरोधातले दोन-तीन हात का वर गेले हे समजून घेणं, बाजूचे दहा हात मोजण्यापेक्षा जास्त उपयोगाचं असतं.

लायब्ररीची सोय असेल तर ती आधी लिहून लोकांना वापरायला द्या. सी++२० मधलं फॉरमॅटिंग ‘एफएमटी’ लायब्ररीतून आलं, रेंजेस ‘रेंज-व्ही३’ मधून. वापरणाऱ्यांच्या तक्रारींमधून जे कळतं ते कागदावर कधीच कळत नाही.

आणखी दोन गोष्टी. छापील स्टँडर्ड विकत घ्यायची गरज नाही. चालू मसुदा गिटहब या संकेतस्थळावर, लाटेक्स या मजकूर-मांडणीच्या रूपात, खुला आहे आणि बदलाचा मजकूर त्याच्याच आधारे, वाढवलेलं हिरवं आणि काढलेलं लाल, असा द्यायचा असतो. आणि चर्चेला स्वतः हजर राहता येणार नसेल, तर प्रस्ताव मांडणारा सदस्य आधी मिळवा. उत्तर द्यायला कुणी नसलेला कागद बाजूला पडतो. २०११ पासून दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते, तेव्हा एक गाडी चुकली म्हणून घाबरू नका.

प्रश्न : पुण्यात नोकरी करतो. परदेशी बैठकांना जाण्याइतका पैसा नाही, वेळही नाही. मग सहभाग म्हणजे नुसत्या प्रतिक्रिया लिहिणंच का?

नाही. प्रतिक्रियांची टंचाई कुठेच नाही. टंचाई चाचण्यांची आहे.

जावास्क्रिप्टचं उदाहरण घ्या. त्या भाषेचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या टीसी३९ समितीत प्रस्ताव ० ते ४ अशा टप्प्यांतून जातो. २०२३ मध्ये २ आणि ३ यांच्यामध्ये २.७ हा टप्पा घातला. रचना मान्य झालेली असते, पण पुरेशा चाचण्या लिहून झाल्याशिवाय टप्पा ३ मिळत नाही. या चाचण्या ‘टेस्ट२६२’ या संचात जातात आणि एक्मा या मानक संस्थेचा करार मान्य करून त्या कुणालाही पाठवता येतात. महिन्यातली एक शनिवारची सकाळ पुरते.

पद्धत सोपी आहे. प्रस्तावाच्या मजकुरातली एक पायरी निवडा. एका फाइलमध्ये एकच वागणूक तपासा. वरच्या टिप्पणीत वर्णन आणि स्टँडर्डमधल्या कलमाची खूण द्या. नेहमी होणारी चूक म्हणजे एका फाइलमध्ये दहा गोष्टी तपासणं. पहिली फसली की उरलेल्या नऊ चालतच नाहीत आणि जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन लिहिणाऱ्याला काय बिघडलं ते कळत नाही. अशी चाचणी लिहिताना मजकुरातली संदिग्ध जागा हमखास सापडते. ती कळवलीत तर तो स्टँडर्डमधला तुमचा खरा वाटा.

रस्ट ही भाषा वापरत असाल तर नाइटली, म्हणजे रोज निघणाऱ्या प्रायोगिक, कंपायलरवर नवी सोय चालू करून कंपनीच्या कोडचा एखादा भाग बांधून बघा. काय तुटलं, कुठला त्रुटी-संदेश दिशाभूल करणारा होता, तो भाग किती ओळींचा होता, एवढं त्या सोयीच्या ट्रॅकिंग नोंदीवर लिहा. ‘आवडलं’ याचा उपयोग होत नाही.

आयएसओच्या औपचारिक मतदानात देशाचं मत असतं. भारतातर्फे ते काम भारतीय मानक ब्युरो बघतं. कंपनीने त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागाशी संपर्क साधावा. हे माणसापेक्षा संस्थेने केलेलं बरं, कारण नोकरी बदलली तरी जागा टिकते.

प्रश्न : नाशिकला शाळेत संगणक शिकवते. मुलं मराठी शब्दांची लांबी मोजतात आणि उत्तरं विचित्र येतात. हे स्टँडर्डवाल्यांना कळवायचं कुठे?

हा प्रश्न मराठी माणसाने मांडायलाच हवा, कारण बाहेरच्या कुणाला तो दिसतच नाही.

आधी काय घडतं ते वेगळं करू. ‘नमस्ते’ची लांबी पायथन आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात: न, म, स, हलन्त, त, मात्रा. ही चूक नाही, ते कोडबिंदू, म्हणजे युनिकोड या लिपी-मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक, मोजतात (जावास्क्रिप्ट खरं तर १६ बिटांची एककं मोजतं, देवनागरीत आकडा तोच येतो). वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं मोजायची तर युनिकोडचे वेगळे नियम आहेत. त्यांत १५.० आवृत्तीपर्यंत ‘स्’ आणि ‘ते’ वेगळे धरले जात, म्हणजे ४. २०२३ च्या १५.१ पासून जोडाक्षर एकत्र धरतात, म्हणजे ३. तेव्हा तक्रारीत युनिकोडची आवृत्ती लिहिलीच पाहिजे.

आता ‘दुसऱ्या’ घ्या. यातला अर्धा र तीन प्रकारे टंकता येतो: सरळ ‘ऱ’ (यू+०९३१) आणि हलन्त, साधा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. योग्य फाँट असेल तर पडद्यावर तिन्ही सारखेच. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे समान लेखनांना एकच रूप देण्याची पद्धत, पहिले दोन एक करतं, तिसरा तसाच राहतो. हा शब्द चलाचं (व्हेरिएबलचं) नाव म्हणून वापरला तर जावास्क्रिप्ट तीन वेगळी चलं धरतं. पायथन पहिली दोन एक मानतं आणि तिसरं नाकारतं. सी++२३ मध्ये पी१९४९ हा प्रस्ताव आला, त्यानुसार फक्त पहिलं चालतं: दुसरं एनएफसीत नाही, तिसऱ्यातलं जोडचिन्ह नावांत चालत नाही. पूर्वीच्या सी++ मध्ये ते जोडचिन्ह चालत होतं.

कळवण्याची जागा विषयानुसार ठरते. अक्षर कुठे तुटतं हा युनिकोडचा विषय. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरं तोडणारा ‘इंटल.सेगमेंटर’ टीसी३९च्या आंतरराष्ट्रीयीकरण गटाकडे. सी++ मधलं काहीही एसजी१६ या युनिकोड अभ्यासगटाकडे.

पडद्याचं छायाचित्र पाठवू नका. ते फाँटवर अवलंबून असतं आणि आत कुठले कोडबिंदू आहेत ते दाखवत नाही. शब्द, कोडबिंदूंची रांग, आलेलं उत्तर, अपेक्षित उत्तर, आवृत्ती, आणि मराठी वाचकाला तेच का अपेक्षित आहे याची दोन वाक्यं. एवढंच पाठवा. वर्गात मुलांकडून अशी वीस शब्दांची यादी करून घेतलीत, तर ती चाचणी म्हणून थेट वापरता येईल.

प्रश्न : आम्ही पाच जण एक छोटी भाषा सांभाळतो. प्रत्येक बदलावर शेकडो प्रतिक्रिया येतात, तेच दहा लोक बोलतात, आणि निर्णय झाला की ‘आमचं ऐकलंच नाही’ अशी तक्रार. काय करावं?

चर्चा वाढवू नका, तिचा हिशेब ठेवा.

२०१८ मध्ये पायथनच्या पीईपी ५७२ या बदल-प्रस्तावावरून (पीईपी म्हणजे पायथनचा प्रस्ताव), म्हणजे ‘:=’ या चिन्हावरून, इतका ताण आला की प्रस्ताव मंजूर केल्यावर जुलैत पायथनचे निर्माते गुइडो व्हान रॉसम निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाले. एका माणसावर शेवटचा शब्द आणि सगळा राग असं दोन्ही टाकलं की असं होतं. त्यानंतर पीईपी ८०१६ ने पाच जणांची निवडून आलेली परिषद आणली. तुम्ही पाच आहातच. पण कोणता निर्णय कोण, कशाच्या आधारे घेणार, हे लिहून जाहीर केलंय का? नसेल तर या आठवड्यात तेवढं एक पान लिहा.

मग प्रत्येक प्रस्तावाला एक सारांशकार नेमा, शक्यतो लेखक सोडून. त्याने दर पन्नासेक प्रतिक्रियांनंतर वेगवेगळे आक्षेप मोजून लिहायचे. शेकडो प्रतिक्रियांत वेगळे आक्षेप बहुधा सात-आठच निघतात. प्रत्येकापुढे ‘मान्य, मजकूर बदलला’, ‘अमान्य, कारण हे’ किंवा ‘अजून उघडा’ असं लिहा. रस्टमध्ये ‘अवेट’, म्हणजे एखादं काम पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सूचना, कसं लिहायचं यावर प्रचंड वाद झाला. भाषा-गटाने २०१९ मध्ये सगळे पर्याय आणि त्यांचे तोटे एकत्र मांडून डॉट-अवेट निवडलं. सगळ्यांना ते आवडलं नाही, पण कोणता तोटा स्वीकारून निवडलं ते कुणालाही वाचता येतं.

शेवटची मुदतही हवी. रस्टमध्ये गटातल्या बहुतेकांनी संमतीची खूण केली आणि कुणाची हरकत उघडी नसली, की दहा दिवसांचा अंतिम काळ सुरू होतो. त्यात नवा मुद्दा आला तर थांबतात, जुना आला तर सारांशाकडे बोट दाखवतात.

गप्प लोकांचं काय? त्यांना खुल्या चर्चेत बोलवून ते येत नाहीत. ज्यांचा कोड तुटणार आहे त्यांना शोधून, नावानिशी, एकच प्रश्न विचारा: हा बदल लावल्यावर तुमचा प्रकल्प बांधला जातो का? पायथनच्या प्रस्तावांच्या साच्यात ‘हे कसं शिकवायचं’ असा एक विभाग असतो, तोही उचला. तो लिहायला शिक्षकच लागतो, आणि एरवी न बोलणारा माणूस तिथे कामाचं बोलतो.

प्रश्न : जावास्क्रिप्टमध्ये ॲरेतले (यादीतले) आतले ॲरे सपाट करणाऱ्या फंक्शनला ‘फ्लॅटन’ नाव ठरलं असताना ‘फ्लॅट’ का झालं? लोकांनी मतदान केलं होतं का?

मतदान नव्हतं. २०१८ च्या मार्चमध्ये फायरफॉक्सच्या नाइटलीत ते नाव येताच, जुन्या मूटूल्स लायब्ररीवर चालणाऱ्या एका संकेतस्थळात बिघाड दिसला. मूटूल्सने त्याच नावाचं आपलं फंक्शन फार पूर्वी ॲरेला जोडलं होतं. कुणीतरी नाइटली वापरून बिघाड कळवला, म्हणून पक्क्या आवृत्तीत जाण्याआधी नाव बदलता आलं.